वाचकांचे प्रश्न : पेशीच्या पोथीत स्वतःला लिहिणारा विषाणू

गेल्या अंकात रक्ताच्या चाचण्यांबद्दल लिहिताना एक वाक्य मी ओझरतं लिहून गेले होते : 'एचआयव्ही पेशीत शिरतो आणि तिच्या डीएनएमध्येच स्वतःला लिहून ठेवतो.' पत्रं आली ती बहुतेक सगळी त्या एका वाक्यावर. लिहितो म्हणजे कसं लिहितो? कोण लिहितं? पुसता येतं का? त्यातली सहा पत्रं इथे घेतली आहेत. दुसऱ्या पत्राला मी बरीच जागा देणार आहे, कारण त्या मुलीनं नेमकं तिथे बोट ठेवलंय जिथे पाठ्यपुस्तकं घाईनं पान उलटतात.

प्रश्न : मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. डीएनएपासून आरएनए, आरएनएपासून प्रथिन, हा एकेरी रस्ता फळ्यावर काढून मुलांकडून घोटून घेतला. आम्ही चुकीचं शिकवलं का? आणि हा रस्ता उलटाही चालतो हे कळलं कसं?
— एक निवृत्त शिक्षक

सर, तुम्ही शिकवलंत ते आपल्या पेशींच्या रोजच्या कारभाराबद्दल खरंच आहे. फ्रान्सिस क्रिक यांनी १९७० मध्येच खुलासा केला होता की त्यांच्या मूळ सिद्धांतानं आरएनएवरून डीएनए होण्याला कधीच मज्जाव केला नव्हता. मज्जाव होता तो प्रथिनात गेलेली माहिती पुन्हा डीएनए-आरएनएमध्ये परतण्याला, आणि तो आजही टिकून आहे. पण फळ्यावर उतरताना सिद्धांत जरा कडक झाला, आणि प्रयोगशाळांमध्येही तसाच कडक मानला गेला.

त्याचा त्रास हॉवर्ड टेमिन यांना झाला. ते कोंबड्यांमध्ये कर्करोग निर्माण करणाऱ्या एका विषाणूवर काम करत होते. पेटन राऊस यांनी १९११ मध्ये वर्णन केलेला हा विषाणू. त्याचा जनुकसंच आरएनएचा. आरएनएच्या विषाणूला डीएनएशी काही देणंघेणं नसावं, पण डीएनएवरून आरएनए बनणं बंद पाडणारं ॲक्टिनोमायसिन डी हे औषध दिलं, की या विषाणूची वाढही थांबायची. म्हणजे कुठेतरी मध्ये डीएनए आहे. टेमिन यांनी १९६४ मध्ये तसं मांडलं आणि त्या मधल्या डीएनए रूपाला 'प्रोव्हायरस' म्हटलं. पुढची सहा वर्षं फारसं कुणी मानलं नाही.

निर्णय लागला तो अतिशय साध्या प्रयोगानं. शुद्ध केलेले विषाणूकण डिटर्जंटनं किंचित उघडायचे, त्यांना डीएनएची चार अक्षरं सुटी सुटी द्यायची, त्यातलं एक किरणोत्सारी, आणि थांबायचं. काही वेळानं ते किरणोत्सारी अक्षर एका लांब डीएनए साखळीत गुंफलेलं सापडतं. आधीच आरएनए तोडणारं एन्झाइम टाकलं, तर काहीच बनत नाही. म्हणजे साचा आरएनएचा आहे, आणि नक्कल करणारं एन्झाइम कणाच्या आतच बसलेलं आहे. टेमिन आणि सातोशी मिझुतानी यांनी हे कोंबडीच्या विषाणूत दाखवलं, डेव्हिड बाल्टिमोर यांनी स्वतंत्रपणे उंदराच्या ल्युकेमियाच्या विषाणूत. दोन्ही निबंध जून १९७० मध्ये 'नेचर'च्या एकाच अंकात आले. टेमिन आणि बाल्टिमोर यांना १९७५ चं नोबेल मिळालं, रेनाटो डुल्बेको यांच्यासोबत. मिझुतानींचं नाव मी वर्गात दर वेळी मुद्दाम घेत आले. ते निबंधावर आहे, पारितोषिकाच्या यादीत नाही.

प्रश्न : मॅडम, पुस्तकात 'रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज आरएनएवरून डीएनए बनवते' एवढं एकच वाक्य आहे. पण नक्कल सुरू करायला आधी एक लहान तुकडा, प्रायमर, लागतो ना? आमचे सर म्हणाले की तो आरएनएच्या डाव्या टोकाजवळ बसतो आणि नक्कल डावीकडेच सरकते. मग ती दोन पावलांत संपली पाहिजे. पूर्ण नक्कल होते कशी?
— जीवशास्त्राच्या पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी

तुझी शंका अगदी बरोबर आहे, आणि ती खरोखरच दोन पावलांत संपते. पुढे जे होतं त्यासाठी कागदाची एक लांब पट्टी घे. मी वर्गात हे नेहमी पट्ट्यांवरच करून घेत असे. नुसतं वाचून ते हाताला लागत नाही.

ही पट्टी म्हणजे विषाणूचा आरएनए. एचआयव्हीचा असेल तर साधारण साडेनऊ हजार अक्षरांचा. डाव्या टोकाला लिही 'र'. उजव्या टोकालाही 'र'च लिही, कारण दोन्ही टोकांना अक्षरांचा तोच क्रम असतो. डाव्या 'र'ला लागून 'डा' लिही. हा तुकडा फक्त डावीकडे आहे. उजव्या 'र'च्या अलीकडे 'उ' लिही, तो फक्त उजवीकडे. 'डा'नंतर एक छोटी खूण कर, तिला 'पकड' म्हण. 'उ'च्या अलीकडे आणखी एक खूण, तिला 'चिवट' म्हण. मधली सगळी मोकळी जागा विषाणूच्या जनुकांची. म्हणजे पट्टी डावीकडून वाचली तर : र, डा, पकड, मग जनुकं, मग चिवट, उ, र.

आता प्रायमर. तो विषाणूचा नाहीच. अमिनो आम्लं वाहून नेणारा पेशीचा एक लहान आरएनए, ट्रान्सफर आरएनए, विषाणूनं मागच्या पेशीतून निघतानाच सोबत घेतलेला असतो. एचआयव्ही त्यातला लायसिन वाहणारा घेतो. त्याच्या शेपटाची १८ अक्षरं 'पकड'वर बरोबर जुळतात. तिथून एन्झाइम सुरू होतं आणि डावीकडे जातं : 'डा' उतरवलं, 'र' उतरवलं, पट्टी संपली.

हा आखूड तुकडा मी स्वतः पाहिलाय. संशोधनाच्या दुसऱ्या वर्षी उंदराच्या ल्युकेमिया विषाणूवर तोच १९७० चा प्रयोग मी पुन्हा करत होते, आणि बनलेला डीएनए जेलवर पसरून एक्स-रे फिल्मवर उतरवला होता. वरच्या बाजूला लांब डीएनएचा ठळक पट्टा येईल म्हणून मी डोळे लावून बसले होते, आणि फिल्मवर काळाकुट्ट पट्टा आला तो पार खाली, जेमतेम दीडशे अक्षरांच्या जागी. एन्झाइम खराब झालं असं समजून मी फिल्म बाजूला ठेवली. माझ्या मार्गदर्शकांनी ती उचलून खिडकीच्या उजेडात धरली आणि विचारलं, "इथेच का थांबलं, दुसरीकडे कुठे का नाही?" त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला पहिल्यांदा ही पट्टी कळली.

पट्टी संपली, की रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजचा दुसरा हात कामाला लागतो. या एकाच एन्झाइमला दोन कामं येतात, डीएनए जोडणं आणि डीएनएला चिकटलेला आरएनए कुरतडणं. ज्या 'र' आणि 'डा'ची नक्कल झाली तो आरएनए कुरतडला जातो. तू पट्टीचं तेवढं डावं टोक फाडून टाक. आता नव्या डीएनएचं 'र' उघडं पडलं, आणि त्याला जोडी हवी आहे. तशी जोडी पट्टीच्या दुसऱ्या टोकाला तयारच आहे, उजवा 'र'. आखूड तुकडा तिथे जाऊन बसतो. ही पहिली उडी. कणात आरएनएच्या दोन प्रती असतात, त्यामुळे ही उडी कधी त्याच पट्टीवर पडते, कधी शेजारच्या.

आता पुढे मैदान मोकळं आहे. एन्झाइम उजवीकडून डावीकडे निघतं : 'उ', 'चिवट', सगळी जनुकं, थेट 'पकड'पर्यंत. मागोमाग आरएनए कुरतडला जातो. फक्त 'चिवट' तेवढा उरतो. त्याची अक्षरं अशी आहेत की एन्झाइमला तो तोडता येत नाही. आणि हा उरलेला कपटाच डीएनएच्या दुसऱ्या धाग्याचा प्रायमर होतो. वाया गेलेलं काही नाही!

दुसरा धागा 'चिवट'पासून उजवीकडे जातो. त्याच्यासमोर पहिला धागा आहे, आणि त्याच्या उजव्या टोकाला आता काय काय आहे बघ : 'उ', 'र', 'डा', आणि शेवटी अजून चिकटून असलेला ट्रान्सफर आरएनए. दुसरा धागा हे सगळं उतरवतो, ट्रान्सफर आरएनएची १८ अक्षरंसुद्धा. एकोणिसाव्या अक्षरावर पेशीनं स्वतःच्या कामासाठी एक मिथाइल गट लावून ठेवलेला असतो. एन्झाइम तिथे अडखळतं आणि थांबतं. नेमकं हवं तिथे. मग ट्रान्सफर आरएनए काढून टाकला जातो. दुसऱ्या धाग्याच्या उजव्या टोकाला 'पकड' उघडी, पहिल्या धाग्याच्या डाव्या टोकाला तिची जोडी उघडी. दोन टोकं एकमेकांना भेटतात. ही दुसरी उडी. त्यानंतर दोन्ही धागे एकमेकांचा साचा वापरून शेवटपर्यंत पूर्ण होतात.

आता तुझ्या हातातला डीएनए डावीकडून वाच : उ, र, डा, पकड, जनुकं, चिवट, उ, र, डा. दोन्ही टोकांना 'उ-र-डा'. नक्कल मुळापेक्षा लांब झाली. अभ्यासात याच टोकांना एलटीआर म्हणतात.

एवढा खटाटोप कशासाठी, हे कळल्याशिवाय पट्टी ठेवू नकोस. पुढे या डीएनएवरून नवे आरएनए पेशीच बनवणार आहे. तिचं एन्झाइम कुठून वाचायला सुरुवात करायची हे सांगणारी कळ असते 'उ'मध्ये, पण वाचन सुरू होतं 'र'पासून. म्हणजे कळ नेहमी वाचनाच्या बाहेर राहते. प्रत्येक नव्या आरएनएमध्ये डावं 'उ' गळालेलंच असणार. साधी सरळ नक्कल केली, तर पुढच्या पिढीत कळच नाही, आणि वंश तिथेच संपला. म्हणून डावीकडे हरवलेलं 'उ' उजव्या टोकाकडून घ्यायचं, आणि उजवीकडे हरवलेला 'डा' डाव्या टोकाकडून. दोन उड्या म्हणजे ही उसनवारी. रेण्वीय जीवशास्त्रात मी जे काही शिकले त्यात याहून देखणं मला काही आढळलं नाही.

एक दुरुस्तीही सांगते. ही सगळी नक्कल पेशीद्रवात पूर्ण होते आणि मग डीएनए केंद्रकात जातो, असं मी वर्षानुवर्षं शिकवत आले. एचआयव्हीबाबत ते आता बदललंय. साधारण २०२० पासूनचे पुरावे सांगतात की विषाणूचं शंकूच्या आकाराचं कवच केंद्रकाच्या छिद्रातून जवळजवळ अखंड आत जातं आणि नक्कल तिथे आत पुरी होते. तुझ्या पुस्तकात जुनं चित्र असेल तर समासात लिहून ठेव.

प्रश्न : करोनाचा विषाणूही आरएनएचाच. मग तोही आपल्या डीएनएत जाऊन बसतो का?
— एक चिंतित आई

नाही. आरएनएचा असणं आणि रेट्रोव्हायरस, म्हणजे एचआयव्हीसारखा आपल्या आरएनएचा डीएनए करून तो पेशीच्या डीएनएत जोडणारा विषाणू असणं, यांत मोठा फरक आहे. करोना विषाणूकडे आरएनएवरून आरएनएच बनवणारं एन्झाइम असतं. त्याचं सगळं काम पेशीद्रवात चालतं, केंद्रकाशी त्याला मतलब नाही. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज नाही आणि डीएनए शिवणारं इंटिग्रेजही नाही. विषाणू शरीरातून गेला की त्याच्या वंशवाढीचा साचाही गेला.

तुमच्या मनात ही दोन नावं एकत्र येण्याचं एक कारण मला दिसतं. 'आरटी-पीसीआर'मधलं 'आरटी' म्हणजे हेच रिव्हर्स ट्रान्सक्रिप्शन. पीसीआर म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याची पद्धत. तिला डीएनए लागतो, म्हणून नमुन्यातल्या करोनाच्या आरएनएचा डीएनए आधी परीक्षानळीत करून घ्यावा लागतो. त्यासाठी वापरलं जाणारं एन्झाइम बऱ्याचदा मुळात उंदराच्या ल्युकेमिया विषाणूचं असतं, माझ्या त्या फिल्मवरचंच. म्हणजे नक्कल होते ती चाचणीच्या नळीत, तुमच्या मुलाच्या पेशीत नव्हे.

प्रश्न : एचआयव्हीवर एकाच वेळी तीन-तीन औषधं का देतात? एक जोरदार औषध पुरत नाही का?
— औषधनिर्माणशास्त्राचा विद्यार्थी

सुरुवात एकाच औषधानं झाली होती. एझेडटी हा रेणू १९६४ मध्ये कर्करोगासाठी बनवला गेला, तिथे उपयोगी पडला नाही आणि पडून राहिला. मार्च १९८७ मध्ये तो एचआयव्हीवरचं पहिलं मान्यताप्राप्त औषध झाला. तो डीएनएच्या 'टी' या अक्षरासारखा दिसतो. फरक एका जागी आहे. प्रत्येक अक्षरावर पुढचं अक्षर अडकवायला एक कडी असते. एझेडटीवर त्या जागी तीन नायट्रोजनचा गट असतो, आणि त्यात काही अडकत नाही. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज त्याला 'टी' समजून साखळीत घेते, आणि साखळी तिथेच संपते. आपल्या केंद्रकातली डीएनए बनवणारी एन्झाइम जास्त पारखी असतात, त्यामुळे ती सहसा फसत नाहीत. मायटोकॉन्ड्रियातलं एन्झाइम मात्र कधी कधी फसतं, आणि या गटातल्या जुन्या औषधांचे काही दुष्परिणाम त्यातून आले.

औषध चाललं, पण काही महिन्यांत विषाणू त्याला दाद देईनासा झाला. त्याचं मूळ त्याच एन्झाइमच्या स्वभावात आहे. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज लिहिलेलं पुन्हा तपासत नाही. मागे वळून चूक खोडण्याची सोय तिच्यात नाही. एका नकलेच्या फेरीत साधारण तीस हजार अक्षरांमागे एक चूक होते, म्हणजे साडेनऊ हजार अक्षरांच्या तीनेक प्रतींमागे एक. हे फार वाटत नाही. पण उपचार नसलेल्या माणसाच्या शरीरात रोज सुमारे हजार कोटी नवे कण तयार होतात. आता हिशेब तूच कर : एखाद्या ठरावीक जागी ठरावीक चूक झालेला कण दररोज कुठे ना कुठे तयार होतच असतो. एझेडटीला चकवणारा बदल औषध सुरू होण्याआधीच हजर असू शकतो. औषध फक्त बाकीच्यांना बाजूला करतं.

तीन औषधांना एकदम चकवायचं तर एकाच प्रतीत अनेक नेमके बदल एकाच वेळी हवेत. त्याची शक्यता इतकी घसरते की रोजच्या हजार कोटींतही तसा कण सापडणं दुरापास्त. आणि औषधांनी नकलाच थांबल्या, की चुकाही थांबतात. १९९६ पासून असे मिश्र उपचार सुरू झाले आणि एड्सनं होणारे मृत्यू झपाट्यानं खाली आले. आज काही रुग्णांना दोनच औषधं पुरतात, कारण ती औषधंच जास्त बळकट आहेत. गोळ्या चुकवल्या तर काय होतं, तेही याच हिशेबात आहे : रक्तातलं औषध अर्धवट पातळीवर आलं, की नकला पुन्हा सुरू होतात, चुका होतात, आणि त्यातल्या उपयोगी चुकांची निवडही होते.

प्रश्न : अकरा वर्षं मी रोज गोळी घेतो. गेली दहा वर्षं प्रत्येक तपासणीत 'विषाणू आढळला नाही' असंच येतं. तरी डॉक्टर म्हणतात, गोळी जन्मभर. आढळतच नाही तर मारायचं कुणाला? कधी वाटतं सोडून बघावी.
— एक वाचक

कृपा करून सोडून बघू नका. का, ते सगळं सांगते, कारण नुसतं 'डॉक्टर म्हणतात म्हणून' हे उत्तर अकरा वर्षं रोज गोळी घेणाऱ्या माणसाला पुरेसं नाही.

दुसऱ्या पत्राच्या उत्तरात तयार झालेला तो उ-र-डा असलेला डीएनए आठवा. इंटिग्रेज नावाचं एन्झाइम त्याची दोन्ही टोकं धरतं, प्रत्येक टोकाच्या एका धाग्यातली दोन-दोन अक्षरं छाटतं, तुमच्या पेशीच्या गुणसूत्रात चीर पाडतं आणि टोकं तिथे जोडतं. जोडाच्या दोन्ही बाजूंना लहान फटी राहतात. त्या कोण बुजवतं? तुमच्या पेशीची स्वतःची दुरुस्ती यंत्रणा. ती खराखुरा तुटलेला डीएनए समजून इमानेइतबारे टाके घालते. एचआयव्हीच्या प्रत्येक जोडाशेजारी तुमच्या डीएनएची पाच अक्षरं दोनदा आलेली दिसतात, ती या टाक्यांची खूण. त्या क्षणापासून विषाणूचा मजकूर आणि तुमच्या पेशीचा मजकूर एकाच शाईत आहे. पोथीत नंतर घातलेल्या ओव्या जशा पुढच्या प्रत्येक नकलेत मुळातल्याच म्हणून उतरतात, तसं हे. पेशी विभागली, की ती स्वतःच्या डीएनएसोबत त्याचीही नक्कल करते, आणि त्यासाठी विषाणूला काहीच करावं लागत नाही.

तुमच्या गोळीतली औषधं काय करतात? आरएनएचा डीएनए होऊ देत नाहीत, किंवा झालेला डीएनए जोडू देत नाहीत. काही औषधं नवे कण पक्व होऊ देत नाहीत. म्हणजे नव्या पेशींत नवं लिखाण होऊ देत नाहीत. हे काम ती इतकं चोख करतात, म्हणूनच तुमच्या रक्तात विषाणू सापडत नाही. पण आधी लिहिलं गेलेलं पुसणारं औषध आज वापरात नाही.

आणि ते लिखाण कुठे आहे? पूर्वीच्या आजारांची आठवण ठेवून झोपलेल्या काही टी-पेशींमध्ये, म्हणजे प्रतिकारशक्तीच्याच पांढऱ्या पेशींमध्ये. अशी पेशी वर्षानुवर्षं शांत असते. विषाणूचा एकही आरएनए बनत नाही, एकही प्रथिन बाहेर दिसत नाही, त्यामुळे प्रतिकारशक्तीला तिच्यात वेगळं काही दिसत नाही आणि औषधालाही पकडायला काही मिळत नाही. या साठ्याचा निम्मा भाग कमी व्हायला साधारण ४४ महिने लागतात, असं मोजलं गेलं आहे. त्या गतीनं तो संपायला साठ-सत्तर वर्षंही अपुरी पडतील. त्यातल्या बहुतेक प्रती मोडक्या असतात, त्यांतून विषाणू होऊच शकत नाही, हेही खरं. पण धड असलेली एक प्रत पुरते. गोळी बंद असताना अशी एखादी पेशी जागी झाली, 'उ'मधली कळ दाबली गेली, तर बहुतेकांमध्ये दोन-चार आठवड्यांत विषाणू रक्तात परत येतो. तेव्हा 'आढळला नाही' याचा अर्थ रक्तात फिरणारा विषाणू आढळला नाही, इतकाच आहे.

यातून पूर्ण बाहेर पडलेले लोक आहेत, मोजके. टिमथी रे ब्राउन हे पहिले. त्यांना ल्युकेमिया झाला होता, आणि बर्लिनमध्ये २००७ मध्ये त्यांच्यावर मूलपेशींचं प्रत्यारोपण झालं. दाता असा निवडला होता, की ज्याच्या पेशींवर एचआयव्हीला शिरायला लागणारा सीसीआर५ हा दरवाजाच नाही. ते बरे झाले. पण ते प्रत्यारोपण स्वतःच जिवावर बेतू शकतं. कर्करोगासाठी ते करावंच लागतं तेव्हाच करतात, रोजच्या गोळीला पर्याय म्हणून नाही.

तुमच्या पत्रात नसलेली एक गोष्ट मला तुम्हाला सांगायचीच आहे. विषाणू न आढळण्याच्या पातळीवर टिकून असेल, तर लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला लागत नाही. हे मोठ्या अभ्यासांमधून, हजारो संबंधांच्या नोंदींवरून स्पष्ट झालंय. अकरा वर्षं रोज घेतलेल्या त्या गोळीनं हे केलंय. गोळीचा कंटाळा आला असेल तर तोही खरा आहे. तो डॉक्टरांना मोकळेपणानं सांगा. आता लांब अंतरानं घ्यायची इंजेक्शनंही आली आहेत. ती तुम्हाला चालतील का, हे तेच तपासून सांगू शकतील.

प्रश्न : माणसाच्या डीएनएतही जुने रेट्रोव्हायरस आहेत असं ऐकलं. हे खरं का? आणि ते धोकादायक नाहीत का?
— एक वाचक

खरं आहे. आपल्या जनुकसंचाचा सुमारे आठ टक्के भाग अशाच जुन्या लिखाणाचा आहे. कधीतरी लाखो वर्षांपूर्वी एखादा रेट्रोव्हायरस अंडपेशी किंवा शुक्रपेशी घडवणाऱ्या पेशीत लिहिला गेला, आणि मग ते लिखाण आईबापाकडून मुलांकडे जाऊ लागलं. त्यातलं जवळजवळ सगळं आता अक्षरं गळून, मोडून निकामी झालंय. तरी उ-र-डा अशी टोकं अजून ओळखू येतात, म्हणून तर ते कुणाचं लिखाण हे कळतं. कोआला या प्राण्यात हीच गोष्ट आज आपल्या डोळ्यांसमोर घडते आहे. काही कोआलांमध्ये विषाणू वारशानं आलेला आहे, काहींना तो बाहेरून संसर्गानं होतो आहे.

धोक्याबद्दल विचारलंत म्हणून एक उदाहरण देते. विषाणूच्या वेष्टनावरचं प्रथिन त्याचं आवरण पेशीच्या आवरणात मिसळून टाकतं, तसाच तो आत शिरतो. अशा एका जुन्या विषाणूचं हे प्रथिन बनवणारं जनुक आपल्यात शाबूत राहिलंय. त्याला सिन्सिटिन म्हणतात, आणि त्याचं काम २००० मध्ये उजेडात आलं. ते बनतं गर्भवारेत. तिथल्या पेशींची आवरणं ते एकमेकांत मिसळवतं आणि सांधा नसलेला एक सलग थर तयार होतो. आईच्या रक्तातलं अन्न आणि प्राणवायू बाळापर्यंत जातो तो त्या थरातून.